पंडित गुरुजींनी वाचलेली पत्रं

पंडित गुरुजींच्या निरोप समारंभात गावकरी मला म्हणाले, "कुंदाबाई, तुम्ही पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, चार शब्द बोला." मी घसा बसल्याचं सोंग केलं. घसा ठणठणीत होता! पण बोलले असते तर गुरुजींवर गळ्यातला हार उतरवून ठेवायची पाळी आली असती, आणि पेढे गावानं वर्गणी काढून आणले होते. म्हणून ते चार शब्द इथं.

चोपडा तालुक्यातलं केळीच्या बागांमधलं ते गाव. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच, मी आणि हे मुख्याध्यापक. पांढरा सफारी, खिशाला तीन पेनं, त्यातलं चालणारं एक. फळ्यावर सोमवारी लिहिलेली तारीख शुक्रवारपर्यंत तशीच. गुरुजींची सगळी हुशारी शाळा सुटल्यावर, मारुतीच्या पारावर. पोस्टमन गावाची पत्रं त्यांच्याच हातात द्यायचा आणि ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. ज्याचं पत्र त्यानं समोर खाली बसायचं, वाचून झालं की पाया पडायचं. अठरा वर्षांत यांच्या हाताखालून गेलेल्या निम्म्या पोरांना साधं पत्र वाचता येत नव्हतं. कसं येणार? सगळ्यांना आलं असतं तर पारावर यांच्या पुढ्यात बसलं कोण असतं!

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात केंद्रप्रमुखांनी आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक घेतली. दिवाळीपर्यंत आपल्याला काय शिकायचंय ते प्रत्येक मुलानं स्वतः ठरवावं, कार्डावर लिहावं, कार्ड भिंतीवर लावावं, शिक्षकानं फक्त मदत करावी, असं त्यांनी सांगितलं. परतताना एस.टी.त गुरुजी म्हणाले, "पोरं काय ठरवणार डोंबल? त्यांना शेंबूड पुसता येत नाही." आणि रविवारी घरी बसून त्यांनी आपल्या वर्गाची एकेचाळीस कार्डं स्वतःच खरडली. सोळा डॉक्टर, चौदा कलेक्टर, बाकीचे देशसेवक. झुलाल नावाचा पोरगा तर शाळा उघडल्यापासून फिरकला नव्हता. तोही कलेक्टर.

माझ्याकडे तिसरी होती. माझी पोरंही आधी म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, मला काय हवंय ते नको, तुला काय हवंय ते सांग, आणि दिवाळीपर्यंत जमेल एवढंच. तीन दिवस लागले. मगनला घड्याळ शिकायचं होतं, कारण मोठा भाऊ त्याला रोज खोटी वेळ सांगून चिडवायचा. एकाला तेराचा पाढा. सगळ्यांत शेवटी मंदा आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, ताईनं पत्र माले वाचनं शे. मीच वाचसू." ताईचं पत्र तिला स्वतः वाचायचं होतं.

मंदा ही सुपडूभाऊंची धाकटी. सुपडूभाऊ केळीच्या बागेत मजूर. थोरली कला आदल्या वर्षी साक्रीकडे दिलेली. ती चौथी पास, त्यामुळे पत्र स्वतः लिहायची. घरात दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं. ही सोयरीक गुरुजींनीच जमवलेली, मुलगा त्यांच्या साडूचा. सुपडूभाऊ तर गुरुजींना देवच मानायचे.

मंदाचं कार्ड भिंतीवर जेमतेम एक दिवस राहिलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ते वाचलं आणि एकदम उसळले. "हे काय ध्येय आहे? पत्रं वाचायला मी मेलोय का?" कार्ड काढून उलटं केलं, मागच्या बाजूला 'मी डॉक्टर होईन' असं लिहिलं आणि परत टांगलं. मला वाटलं, पाया पडणारं एक डोकं कमी होईल म्हणून हा माणूस जळतोय. माझीही अक्कल तेवढीच.

मी मधल्या सुट्टीत मंदाला घेऊन बसायला लागले. पुस्तकातलं छापील तिला वाचता यायचं, हातानं लिहिलेलं नाही. मग रोज तिला चिठ्ठी द्यायची, 'आज डब्यात काय?' ती वाचून उत्तर लिहायची. पुढे माझ्या भावाची पत्रं आणली, त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पोरगी डोळे बारीक करकरून वाचायची, अडली की पुन्हा पहिल्यापासून. नवरात्रात तिनं भावाचं अख्खं पत्र न अडता वाचलं आणि मला इतका आनंद झाला की मी तिला माझ्या डब्यातला गूळ दिला.

दसऱ्यानंतर तिनं घरची तार आणली. आमच्याकडे आलेलं पत्र वाचून झालं की भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवतात. तारेत कलाची तीन पोस्टकार्डं होती. शाळेच्या ओसरीत बसून मंदा ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. पहिलं अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या आधीचं. त्यात होतं, 'बाबा, मला इथे मारतात. आखाजीला घ्यायला या.' दुसऱ्यात, 'आखाजी गेली. सगळ्या पोरी माहेरी गेल्या, मला घ्यायला कोणी आलं नाही. माझा हात मोडला आहे.' तिसरं राखीच्या वेळचं, एकच ओळ, 'मी तुमचं काय केलं?'

"बाई," मंदा म्हणाली, "गुरुजींनी तर तिन्ही वेळा वाचलं, बठ्ठं खुशाल शे." म्हणे सगळं खुशाल!

मी त्याच दिवशी सुपडूभाऊंना बोलावलं. त्यांचा विश्वास बसेना. "गुरुजी खोटं वाचतीन?" असं म्हणत ते कार्ड घेऊन गुरुजींच्या टेबलापुढे उभे राहिले. गुरुजींनी चष्मा लावला, कार्डाकडे पाहिलं आणि काय सांगू, या निलाजऱ्या माणसानं चौथ्यांदा तेच केलं! "बठ्ठं खुशाल शे भो. कामं शेतस, येवानं जमाव नही."

मंदानं त्यांच्या हातातून कार्ड घेतलं आणि बापाला वाचून दाखवलं. सावकाश, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून.

"चुकीचं वाचतेय ती," गुरुजी म्हणाले. "तिला अजून जोडाक्षरं येत नाहीत."

"मग मी वाचू का?" मी विचारलं.

तेव्हा कुठे त्यांचा आवाज खाली आला. "पोरीचं घर मोडू नये म्हणून केलं हो. संसारात थोडंफार होतंच." थोडंफार! साडूच्या घरचं नाव राहावं म्हणून कुणाच्या पोरीचा हात मोडला तरी चालतं, आणि वर हा माणूस पोरांना ध्येयं वाटतो. थू! सुपडूभाऊंनी कार्ड घडी न करता खिशात ठेवलं, पाया न पडता बाहेर पडले आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं साक्रीकडे गेले.

त्या दिवशी मंदानं भिंतीवरचं आपलं कार्ड पुन्हा उलटं केलं. स्वतःचं अक्षर वर आलं. गुरुजींनी ते पाहिलं, पण हात लावायची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी कला आली. मी भेटायला गेले होते. डावा हात मनगटाशी वाकडा बसलेला, अंगावर लग्नातलंच लुगडं. तिनं पाण्याचा तांब्या तसाच ठेवला. आपली पत्रं पोचली होती की नाही, हे एस.टी.त बापाला विचारून झालेलं तिनं पुन्हा विचारलं.

"मन्हा कागद उनात नही का?"

मंदा तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "उनात, ताई. आमले वाचता येत नव्हतं."