आईला न मानवलेला समुद्र

शेजारची मंडळी काल मुंबईहून परतली. त्यांच्या मुलीनं मोठ्या कौतुकानं शिंपल्यांची पिशवी माझ्या टेबलावर ओतली. त्यातल्या एका शिंपल्यात काहीतरी मऊसर, मेलेलं अजून चिकटून होतं. त्याचा वास खोलीभर पसरला. "मावशी, समुद्राजवळ राहणाऱ्यांची किती मजा ना!" असं ती म्हणत असताना मी पदर नाकाला लावून खिडकी उघडत होते.

मला समुद्राची किळस येते. हे लिहितानाही संकोच वाटतो, कारण समुद्र आवडणं हे जणू मन जिवंत असल्याचं लक्षण मानलं जातं. आमच्या बालाघाटात तर फारच, कारण इथून समुद्र इतका दूर की त्याच्याबद्दल काहीही बोललं तरी खपतं. माझे बाबा आयुष्यभर तेच करत आले. तरुणपणी कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडात जाऊन त्यांनी दोन दिवस समुद्र पाहिला होता. पुढे बैहरच्या जंगलातल्या, नंतर बालाघाटच्या कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून फायली उपसताना त्या दोन दिवसांचं त्यांनी एक अख्खं गाव वसवलं. निवृत्त झाले की तिथंच राहायचं, हे त्यांनी कचेरीत, बाजारात, वैनगंगेच्या घाटावर, भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. राज्यांची फेररचना होऊन आमचा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा ते खरोखरच निवृत्त झाले आणि आईला घेऊन कोकणातल्या एका बंदराच्या गावी निघाले. माझी शाळेची नोकरी इथंच होती. त्यांना पोचवायला म्हणून मी महिन्याभराची सुट्टी काढून सोबत गेले.

मुंबईहून धरलेल्या बोटीवरच किळसेची सुरुवात झाली. डेकवर माणसं ओकत होती, ते पाण्यात मिसळून आमच्या वळकट्यांखाली येत होतं. आई किरनापूरकडची, शेणामातीत वाढलेली, उगीच नाक मुरडणारी नव्हती. पण भाड्याच्या दोन खोल्यांत पाऊल टाकल्यावर तिनंही पदर नाकाला लावला. भिंतींना ओल, गादीला ओल, मीठ विरघळून बरणीत पाणी. घरून नेलेल्या चिन्नोर तांदळाला महिन्याभरात जाळी लागली. मागच्या अंगणात शेजाऱ्यांची मासळी वाळत असे, तिच्यावरून उठलेल्या माश्या थेट आमच्या ताटावर. आणि तो किनारा! सकाळी अर्धं गाव तिथं परसाकडे बसायचं, दुपारी गटाराचं काळं पाणी त्याच वाळूतून समुद्रात उतरायचं, संध्याकाळी बाबा त्याच वाळूवर जाऊन बसायचे. "काय वारा आहे!" म्हणायचे. मला वाटे, या माणसाला नाक नाही की काय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा गेले, तर आई निम्मी झाली होती. तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. त्याच आठवड्यात एक मोठं कासव मरून किनाऱ्याला लागलं होतं. ते फुगलं, फुटलं, कुत्र्यांनी ओढलं, कुणी उचलेना. एका संध्याकाळी बाबा जेवायला आले नाहीत म्हणून आई आणि मी त्यांना शोधायला गेलो. ते त्या कासवापासून हाकेच्या अंतरावर, समुद्राकडे तोंड करून बसले होते.

आईनं विचारलं, "तुमाले वास येत नाही काय?"

 बाबा म्हणाले, "येते. पहिल्या दिवसापासून येते. मले बी जेवण जात नाही."

"मंग काहून बसून राह्यले इथं?"

"कोणत्या तोंडानं परत जाऊ? साऱ्या गावाले सांगून आलतो."

आई त्यांच्याजवळ खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, याचं मला आजही नवल वाटतं. "माह्यावर घाला," ती म्हणाली. "सांगा, बायकोले मानवलं नाही. पण चला आता."

आठवड्याभरात आम्ही बालाघाटला आलो. आईच्या अंगावर हळूहळू मांस चढलं. बाबाही दोन पोळ्या जास्त खाऊ लागले. इथवर सगळं ठीक होतं. पण संध्याकाळी जुने सोबती ओट्यावर जमत आणि बाबांचा समुद्र सुरू होई. "क्या बताऊँ, खिडकी खोलो तो सामने समंदर! हम तो वहीं रह जाते, पर इनको रास नहीं आया." लोक आईकडे पाहून हसत, हळहळत. ती आतून चहा घेऊन येई. त्या ओट्यावर मला जी शिसारी येई, तिच्यापुढे ते फुटलेलं कासव काहीच नव्हतं. एकदा मी उठलेच, सगळं बोलून टाकायला. आईनं माझा हात धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"राहू दे व. कचेरी गेली, मान गेला. त्यायच्यापाशी सांगाले आता हेच तं आहे."

"आणि तुझं काय?"

"मले भात गोड लागते इथं. मले आणखी काय पाह्यजे?"

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. तेराव्याला त्यांचे एक सोबती आईसमोर बसून म्हणाले, "भाभीजी, बाबूजी का मन तो समंदर में ही रह गया." मला वाटलं, आता तरी ती बोलेल. आता कोणाची लाज राखायची होती?

आई म्हणाली, "हौ. माह्यामुळंच परत यावं लागलं त्यायले."

मी तिथून उठून आत गेले. तिचं कौतुक करावं एवढं मोठं मन मला तेव्हाही नव्हतं, आताही नाही. राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही. खरं काय ते आता फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे. आई थकली आहे, तेव्हा थोड्या वर्षांनी ते माझ्या एकटीपाशीच उरेल. गावात मात्र बाबांनी सांगितलेलाच समुद्र राहील, निळा, स्वच्छ, कसलाही वास नसलेला. आणि तो ज्या बाईला मानवला नाही, तिची कीव करत लोक चहा पितील.