कडक बाई पाहिजेत

बाईंचा क्लास बहारीनमधल्या अदलिया भागात होता, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर आम्ही इंग्रजी व्याकरण शिकवायचो. कुणाला जास्त दुखायचं ते सांगता येणार नाही.

बाई मूळच्या पुण्याच्या. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, मुलाकडे बहारीनला आल्या आणि महिनाभर सुनेचं स्वयंपाकघर सुधारत बसल्या. मग मुलाने त्यांना हा क्लास काढून दिला. सुनेने नवसच बोलला असणार. मी तिथे हाताखाली शिकवायला होते. मी वसईची, नवरा हॉटेलात, दुपार रिकामी. पहिल्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "तुम्हा वसईकरांचं इंग्रजी बरं असतं गं. मराठीचं मात्र न बोललेलंच बरं." ही त्यांची कौतुक करायची रीत.

आमची निम्मी मुलं चिनी होती. सित्र्याच्या बाजूला एका कारखान्याचं काम एका चिनी कंपनीला मिळालं होतं, तिथल्या इंजिनियर लोकांची ही मुलं. बुदैयाच्या व्हिलांमधून कंपनीची गाडी त्यांना दुपारी आणून सोडायची. कंपनीने त्यांच्यासाठी एकच इंग्रजी शाळा ठरवली होती आणि तिची प्रवेश परीक्षा होती. आधी लेखी, म्हणजे व्याकरण आणि उताऱ्यावरचे प्रश्न, आणि मग शाळेतल्या बाईंशी थोड्या गप्पा. त्या गप्पांना आमच्या बाई किंमत द्यायच्या नाहीत. "उतारा सोडवता आला की तोंड आपोआप चालतं," म्हणायच्या.

माझ्या बॅचमध्ये त्यातलीच एक मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची, बारीकशी, कानापाशी सरळ कापलेले केस. तिचं सगळं त्या परीक्षेवर अडकलेलं होतं. पास झाली तर इथे आईबापांजवळ राहणार. नापास झाली तर एकटी चीनला परत, वसतिगृहाच्या शाळेत. बापाचं कंत्राट काही वर्षांचं होतं. आईच्या कडेवर तान्हा भाऊ होता, तो अर्थातच इथेच राहणार होता. हे मला तिनेच सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पेन्सिलीला टोक काढता काढता. रडली वगैरे नाही. एखादीने उद्या शाळेला सुट्टी आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं.

मला पोर फार आवडायची. एका उताऱ्यात एक कुटुंब गाव सोडून शहरात जातं आणि आपला कुत्रा शेजाऱ्यांना देऊन टाकतं. प्रश्न होता, कुत्रा शेवटी का भुंकत राहिला? उताऱ्यात उत्तर साधं होतं, त्याला गाडी लांब जाताना दिसली म्हणून. हिने लिहिलं, त्याला कुणी विचारलं नाही म्हणून. मी ते दोनदा वाचलं. खाली "फार छान" लिहिलं आणि सोनेरी चांदणीचं स्टिकर लावलं. त्यानंतर लावतच गेले. चांदण्यांची काही कमी नव्हती.

एक दिवस तिची आई बाळाला घेऊन वर आली. तिला इंग्रजी अजिबात येत नव्हतं. ती फोनमध्ये चिनी बोलायची आणि फोन इंग्रजी बोलायचा. तिने मुलीची वही उघडली, चांदण्यांवर बोट ठेवलं, फोनमध्ये काहीतरी पुटपुटली आणि फोन माझ्यासमोर धरला. फोन म्हणाला, "शिक्षिका, माझ्या मुलीची आशा तुम्ही सोडली आहे का?"

मला आधी वाटलं फोनच चुकला. नव्हता चुकला. फोनवर बरंच मागेपुढे झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या गावच्या शाळेत म्हणे ज्याच्यात दम आहे त्याच मुलाला मास्तर सोलून काढायचे. ज्याचं काही होणार नाही असं त्यांना वाटे, त्याला गोड बोलून मागच्या बाकावर बसवायचे. म्हणजे माझी प्रत्येक चांदणी ती बिचारी महिनाभर घरी बघत होती आणि पोरगी हातची गेली असं धरून चालली होती. मी सांगितलं, अहो, खरंच हुशार आहे हो मुलगी. तिने मान हलवली आणि फोनला आणखी एक वाक्य सांगितलं. "कृपया, मला कडक शिक्षिका पाहिजे."

बाई दारातच उभ्या होत्या. चेहरा असा खुलला की काय सांगू! "बघ, ही आई," त्या मला म्हणाल्या. "आपल्याकडचे पालक मेले, पोराला नुसतं बस म्हटलं तरी तक्रार घेऊन येतात. आण तिची वही इकडे."

आणि पोर बाईंच्या बॅचमध्ये गेली.

बाईंची पद्धत सगळ्या अदलियाला ठाऊक होती. प्रश्न विचारायचा. उताऱ्यातल्या शब्दांत उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर उभं राहायचं, तोंड मिटायचं आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं. मग प्रश्न दुसऱ्याला जायचा. कुणीतरी बरोबर उत्तर दिलं की उभ्या असलेल्याने ते मोठ्याने म्हणायचं आणि बसायचं. मधे बोललं तर पुढचा सबंध उतारा उभं राहून. आणि सुरुवातीला, मुलं ताजी असताना, आदल्या दिवसाचं सगळ्यात चुकीचं उत्तर बाई नावासकट वाचून दाखवायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या जुन्या वहीतलं कुत्र्याचं उत्तर वाचलं. वाचलं कसलं, नाटकच केलं. छातीवर हात ठेवून, कुत्र्याकडे वाकून, "सर, आपली शहरात यायची इच्छा आहे का?" मुलं खिदळली, एक तर बाकावरून घसरलाच. आई मागच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. शब्द कळले नाहीत, पण तीही हसली, बाईंकडे बघून, आभार मानावेत तशी. पोर उभी होती. ती भिंतीकडे बघत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. क्लास सुटल्यावर मी बाईंना गाठलं.

"बाई, तेरा वर्षांची मुलगी आहे ती. असं चारचौघांत?"

"मग काय कानात सांगू?" बाई पर्स आवरत होत्या. "अगं, तिची आई स्वतः येऊन सांगते, झोडा म्हणून. तुझ्या का पोटात दुखतंय?"

"ती बोलायचीच बंद होईल अशाने."

"होऊ दे की. परीक्षा लेखी आहे." मग माझ्या खांद्यावर थोपटून, अगदी लाडाने, "तू गोड आहेस गं. म्हणून तर तुझ्या बॅचमध्ये कुणी टिकत नाही. यल्ला, चल, दिवे बंद कर."

कानाखाली वाजवावीशी वाटली, खरं सांगते. ती मला कामावर ठेवणारी बाई होती आणि वयाने माझ्या आईएवढी, म्हणून हात आवरला. दिवे बंद केले.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोर सुधारली. बाईंनी दिलेल्या सरावाच्या पेपरांत तिला पैकीच्या पैकी पडायला लागले. उताऱ्याबाहेरचा एक शब्द नाही, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. वर्गात जरा शंका आली की बाईंनी सांगायच्या आधीच ती उठून उभी राहायची, ओठ घट्ट मिटून. बाई मला दोन वर्गांमधल्या काचेतून खुणा करायच्या, बघ, बघ म्हणून. आई मिठाई घेऊन आली. मिठाई मीही खाल्ली, काय करणार.

परीक्षेच्या दिवशी बापाला कामावरून सुट्टी मिळाली नाही. आईने फोनवरून मला विनवलं, म्हणून मी गेले त्यांच्याबरोबर. शाळा बुदैयाच्या रस्त्यावर होती, आत छान झाडंबिडं. लेखी पेपर पोरीने वेळेआधी संपवला. मग आम्हा तिघींना, बाळासकट, एका खोलीत बोलावलं. तिथे एक गोरी बाई होती, वयस्क, हसतमुख, इतकी चांगली की मला बरं वाटलं. टेबलावर बिस्किटं ठेवली होती. ती म्हणाली, तुझा पेपर सुरेख आहे, ये, बस. मग म्हणाली, तुला काय करायला आवडतं?

पोर उठून उभी राहिली. ओठ मिटले आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागली.

गोऱ्या बाईंना वाटलं, मुलगी आदर दाखवतेय. त्या हसल्या, बस म्हणाल्या. ती बसली. तुझा लहान भाऊ आहे ना, त्याच्याशी काय खेळतेस? ती परत उभी. गोड आवाजात तिसरा प्रश्न, परत उभी. मला कळत होतं ती काय करतेय. ती दुसऱ्या कुणीतरी बरोबर उत्तर द्यायची वाट बघत होती. खोलीत दुसरं मूलच नव्हतं! मी न राहवून म्हणाले, अगं बोल, काहीही बोल, चूक नाही यात काही. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ तसेच. गोऱ्या बाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली, तर ती बशीसमोरही उभी राहिली.

निकाल आम्हाला तिथेच, फार सभ्यपणे सांगितला. लेखी उत्तम. पण मुलीला वेगळ्या मदतीची गरज दिसते, आमच्या वर्गात तिला त्रास होईल. मी भांडले. क्लासमध्ये तिला हीच सवय लावलीय हो, म्हणाले, थोडी मुदत द्या, मी तिला बोलती करते. गोऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खेद वाटतो म्हणाल्या. खलास.

आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. गाडीत बसून मी तिच्या फोनला एकेक वाक्य सांगितलं आणि फोनने ते चिनीत म्हटलं. तिने बाळाच्या तोंडातून त्याची मूठ काढली, मग फोन तोंडाशी धरून बोलली. फोन म्हणाला, "मी आणखी कडक शिक्षिका शोधायला हवी होती." मागच्या सीटवर पोर बसली होती. तिला दोन्ही भाषा कळत होत्या.

जायच्या आदल्या दिवशी आई तिला क्लासमध्ये घेऊन आली. चहाचा सुंदर डबा आणला होता, बाईंसाठी. बॅच चालू होती. आईने पोरीला हळूच पुढे ढकललं. पोर बाईंसमोर वाकली, सरळ झाली आणि इंग्रजीत स्पष्ट म्हणाली, "तुम्ही मला शिकवण्यासाठी खूप कष्ट घेतले. मी तुमचा वेळ वाया घालवला, याबद्दल मला क्षमा करा."

बाईंचा आवाज भरून आला. खोटा नाही, खरंच भरून आला, तेच मला सहन होत नाही. चहाचा डबा छातीशी धरून त्या मराठीत मला म्हणाल्या, "काय बोलली गं! एक चूक नाही. पहिल्या दिवशी हिला वाक्य धड लावता येत नव्हतं." मग मुलांकडे वळून टाळी वाजवली. "वह्या काढा. असं वाक्य आलं पाहिजे. ही सांगेल हळूहळू, लिहून घ्या."

"बाई, पुरे करा हो," मी ओरडलेच. "उद्या जातेय ती." मग पोरीला म्हटलं, ते वाक्य सांगू नकोस, काही गरज नाही, चल, खाली जाऊ आपण. तिचा हात धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मागे आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. पोरीने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने.

मुलांनी माना खाली घातल्या, पेन्सिली सरसावल्या. ती वर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून सांगू लागली, लिहिणाऱ्यांना वेळ मिळेल असा. मागच्या बाकावरच्या कुणाचं तरी राहिलं. त्याने हात वर केला, "परत सांग ना, वाया घालवला पासून."

तिने परत सांगितलं.