वैजयंती मॅडमची पुढची बॅग

कोपराला बँडेज बांधलेल्या वैजयंती मॅडम दुकानात आल्या आणि त्यांनी काउंटरवर दोन बॅगा ठेवल्या. दोन्ही मीच विकलेल्या. एकीवर चिखल वाळला होता.

"चौगुलेकाका, मी सायकलवरून पडले."

मी आधी ब्रेकचं विचारलं. ब्रेक ठीक होते, चाकंही ठीक होती.

"टाच बॅगेला लागली. उतारावर पाय पेडलवरून सटकला."

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझं सायकलचं दुकान आहे, तीस वर्षांपासून. तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आवाज चढवतं, त्याची मला सवय आहे. मॅडमनी आवाज चढवला नाही. आणि चूक काय झाली ते मला लगेच कळलं होतं.

मॅडम ऐकू कमी येणाऱ्या मुलांना शिकवतात. आठवड्यातून दोनदा एसटीने गडहिंग्लजला जायचं, तिथून आसपासच्या गावांत मुलांच्या घरी. गावागावांत फिरायला सोपं म्हणून त्यांनी फोल्डिंग सायकल घेतली. ही मधून दुमडते आणि तिची चाकं लहान असतात. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगांना आम्ही पॅनियर म्हणतो. मोठ्या सायकलीला त्या छान बसतात. फोल्डिंगचा मागचा भाग आखूड असतो, त्यामुळे पेडल मारताना टाच थेट बॅगेवर आपटते. मी त्यांना कॅटलॉग दाखवला, किती लिटरची आणि कुठल्या रंगाची ते सांगितलं आणि बॅगा लावून दिल्या. एकदा सीटवर बसवून पेडल मारायला लावलं असतं तर दोन मिनिटांत समजलं असतं.

"फार लागलं का?"

"माझं जाऊ द्या. बॅग ओढ्यात पडली, झाकण उघडलं. आत अनूचं मशीन होतं."

अनू चार वर्षांची. तिचं कानाचं मशीन कोल्हापुरातून दुरुस्त करून मॅडम परत द्यायला निघाल्या होत्या. ते भिजलं आणि पुन्हा दुरुस्तीला गेलं. आणखी तीन आठवडे. "आत्ता कुठं ती आईला हाक मारायला लागली होती," मॅडम म्हणाल्या.

मी बॅगा परत घेतो म्हणालो.

"त्या घ्या. पण मला दुसरी हवी आहे. यावेळी माझ्यासमोर बसून ठरवा."

आम्ही ठरवायला बसलो. सगळं सामान वजनकाट्यावर ठेवलं, साडेपाच किलो भरलं. त्यात लाकडी खेळणी, चित्रांची कार्डं, मशीनच्या डब्या, पाण्याची बाटली. एक पिशवी हँडलला टांगून त्यांना पेठेतल्या बोळातून फेरी मारायला लावली. वळताना हँडल ओढलं जात होतं. लहान चाकाचं हँडल आधीच हलकं असतं, वजन लटकलं की ते ऐकत नाही. म्हणजे बॅग पुढे हवी, पण हँडलवर नको, फ्रेमवर हवी. मग हँडल फिरलं तरी बॅग जागची हलत नाही. त्यासाठी तयार ब्रॅकेट मिळतं, पण मॅडमच्या सायकलीच्या फ्रेमला त्याची भोकंच नव्हती. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून मी पट्टा आवळून बसणारं ब्रॅकेट करून आणलं.

बॅग शिवायला दस्तगीरमामांकडे गेलो. मामा रिक्षांचे हूड शिवतात.

"कवा पायजे?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवड्यांच्या आत."

"आत काय ठेवनार हाईत बाई?"

मी तीस वर्षं बॅगा विकतो, पण पहिल्या बॅगा देताना हा प्रश्न मी मॅडमना विचारला नव्हता. मी सांगितलं, लहान पोरांची कानाची मशीनं.

"मग गादी लावाय पायजे की," मामा म्हणाले. त्यांनी कुणी न सांगता मधोमध फोमचा एक वेगळा कप्पा शिवला. उरलेल्या कापडातून सायकलीला खोळही केली, कारण चेनचं ऑईल लागतं म्हणून कंडक्टर सायकल आत घ्यायला कुरकुर करायचे.

मशीन दुरुस्त होऊन आलं त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं, दुकानातली आणखी एक फोल्डिंग माझ्यासाठी घेतली आणि मॅडमबरोबर निघालो.

"पावणं, काय हाय ह्यात?" कंडक्टरने खोळीकडे बोट केलं.

"सायकल. दुमडल्याली हाय."

"एवढीशी? ठिवा की मग ड्रायवरच्या मागं."

गडहिंग्लजच्या पुढे तो ओढ्याचा उतार आला. मॅडम पुढे, मी मागे. माझं सगळं लक्ष त्यांच्या टाचेवर. टाच मोकळी फिरत होती, हँडल सरळ होतं. उतार संपला तेव्हाच मी नजर रस्त्यावर आणली.

अनूच्या आईने आम्हाला सोप्यात बसवलं. मॅडमनी मशीन अनूच्या कानात बसवलं, चालू केलं आणि चित्रांची कार्डं काढायला बॅगेचा पुढचा कप्पा उघडला. त्याला वेल्क्रो होतं. चर्रकन आवाज झाला. अनूने किंचाळून मशीन ओढून काढलं आणि आईच्या मांडीत तोंड लपवलं.

"मशीनमधून हा आवाज फार मोठा येतो," मॅडम मला म्हणाल्या. "तीन आठवडे शांत होती ना ती."

त्या पुन्हा मशीन घेऊन जवळ गेल्या. अनू हात लावू देईना. आईचा चेहरा पडला. मी बॅग उचलून अंगणात गेलो आणि खिशातल्या ब्लेडने मामांच्या टाक्यांसकट ते वेल्क्रो उसवून काढलं. त्या जागी ब्लेडनेच भोकं पाडून खोळीची नाडी ओवली आणि बॅग आत आणून ठेवली.

मॅडम घाई करत नव्हत्या. जमिनीवर बसून नुसती नाडी सोडत होत्या आणि बांधत होत्या. थोड्या वेळाने अनू सरकत आली आणि तिने स्वतः नाडी ओढली. आतून लाकडी बैल निघाला. तो हातात असतानाच मॅडमनी मशीन कानात बसवलं. यावेळी तिने ते काढलं नाही. आई मागून हळूच म्हणाली, "अने." अनूने वळून पाहिलं.

परतीच्या एसटीत मी मॅडमना म्हणालो, "तुम्ही दुसऱ्या दुकानात गेला असता तर मला हे कधीच कळलं नसतं."

"दुसऱ्याने परत तेच विकलं असतं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून झोपल्या.

आता मामा त्या बॅगेला वेल्क्रोऐवजी बकल लावतात. तशा आणखी काही बॅगा आम्ही केल्या. फोल्डिंगवाल्या गिऱ्हाईकाला मी आधी सीटवर बसवतो, मग आत काय ठेवणार ते विचारतो. काहीजण चौकशांना कंटाळून निघून जातात. जाऊ देत. कॅटलॉगमध्ये बॅग किती लिटरची ते छापलेलं असतं. ती कुणासमोर उघडायची आहे, ते गिऱ्हाईकालाच विचारावं लागतं.