वाळवंटातली द्राक्षं: कुंडलहून पेरूला

यंदा आमची कुंडलची द्राक्षं युरोपात पोचली तेव्हा पेरू देशातल्या द्राक्षांचा माल तिथं आधीच मांडलेला होता. भाव पडला. सासरे, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "बाग काढून टाकू. ऊस लावू." फौजेतून निवृत्त झाल्यावर आबांनी ती बाग स्वतः लावलेली. मी म्हटलं, "आबा, काढायच्या आधी त्यांची बघून तरी येऊ."

व्हिसाच्या मागे निदान दोन महिने आधी लागा. मुंबईहून युरोपात विमान बदलून लिमा गाठायला दीड दिवस गेला. पुढं इका शहरापर्यंत पाच तासांची आरामबस. एकीकडे समुद्र, दुसरीकडे नुसती वाळू.

"राजस्थानात ड्युटी केली, तिथं बी एवढं उजाड न्हवतं," आबा पुटपुटले. आणि त्याच वाळूत अचानक द्राक्षबागा सुरू झाल्या, त्या संपेचनात!

ओळखीतून एका बागेची परवानगी मिळाली होती. तिथली मुकादम रोसा, पन्नाशीची. ती स्पॅनिश बोलायची, माझा मोबाइल भाषांतर करायचा. थंडगार पॅकहाउसात बायका घड पेट्यांत भरत होत्या. एका रांगेतला माल चीनला, दुसरीतला अमेरिकेला. रोसाची आई इथंच कापूस वेचायची. रोसाची मुलगी आता शेतीची इंजिनिअर आहे.

दुपारी रोसासोबत खाणावळीत भात आणि पावट्यापेक्षा मोठ्या दाण्यांची उसळ जेवलो. पंधरा सोल, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. चव घरची!

आबांनी विचारलं, "पाणी कुठनं?"

"खोल बोअरचं. दरवर्षी आणखी खोल जातं," रोसा म्हणाली. लपवलं नाही.

"आन् आधी द्राक्षाची कुठली जात हुती?"

"बियांची लाल होती. मीच लावलेल्या वेली मीच उपटल्या. तीन दिवस रडले. मग बिनबियांची नवी लावली."

 आबा मला म्हणाले, "तिला सांग, लय हिंमतीची बाई हाय."

परतल्यावर आबांनी ऊस लावला नाही. अर्धी बाग उपटली. पहिल्या खोडाला कुऱ्हाड त्यांनीच घातली आणि डोळे पुसले. नव्या जातीची रोपं लावून झाली, तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "आबा, माल धरायला दोन वर्षं लागतील."

"लागू देत की," चौऱ्याहत्तर वर्षांचे आबा म्हणाले, "मला कुठं जायाचं हाय?"