इकोत काही निघालं तर

पन्नाशी उलटली तरी तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. धाकट्या मुलाची बायको, म्हणून धाकटी. नाव मोठं लाडाचं, पण वाट्याला काय आलं, तर सासूबाई. लकव्याने त्यांची एक बाजू गेली तेव्हा थोरल्याच्या घराला जिने होते, थोरलीची कंबर दुखत होती, आणि धाकटी काय, घरीच तर असते, शिवणकामच तर करते! ते 'घरीच तर असते' तिला आजवर पुरून उरलं आहे. कुणाच्या पँटची उंची कमी करायची, मध्येच उठून सासूबाईंना कुशीवर वळवायचं; कुणाची चेन बदलायची, मध्येच लघवीचं भांडं द्यायचं. रात्रीही सुटका नाही. दमणं म्हणजे काय, ते तिला विचारावं.

मग छातीत धडधड सुरू झाली. मशीनवर बसल्या बसल्या एखादा ठोका चुकायचा आणि पुढचे धावत सुटायचे. ईसीजीत काही सापडलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी इको सांगितला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झालं, भावाभावांत फोनाफोनी झाली. थोरल्याने नाइलाजाने शब्द दिला, की इकोत काही निघालं तर आईला आमच्याकडे आणू.

त्या दिवसापासून धाकटीच्या मनात पाप शिरलं. काहीतरी निघू दे, असं तिला वाटू लागलं. जिवावर बेतणारं नको, पण एखादी झडप जराशी गळकी निघाली तर काय बिघडलं? स्वतःच्याच हृदयाचं वाईट चिंतणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. तिचं तिलाच शरमल्यासारखं होई, पण वाटायचं काही थांबेना.

तपासणीची खोली अंधारी आणि गार होती. तिथल्या मुलीने तिला डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला थंडगार जेल लावलं आणि ती हातातलं यंत्र बरगड्यांच्या मध्ये दाबत फिरवायला लागली. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी उघडत-मिटत होतं. हेच तुमचं हृदय, मुलगी म्हणाली. धाकटी बघतच राहिली. इतकी वर्षं हे बिचारं मुकाट राबतंय, ना सुट्टी ना कौतुक! तिला त्याचा कळवळा आला. रागही आला, कारण नेमकं आज ते शहाण्यासारखं चाललं होतं. तिने मुद्दाम भांडी आठवली, ओल्या चादरी आठवल्या, थोरलीचा फोनवरचा गोड आवाज आठवला. छे! एक ठोका चुकेल तर शपथ. पण उशी मऊ होती, कुणी हाक मारत नव्हतं, आणि धाकटीचा चक्क डोळा लागला. मुलीने हलवून उठवलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "आले, आई."

डॉक्टर भले होते. झडपा ठीक, रक्त ढकलायची ताकद ठीक, म्हणाले. धडधड खोटी आहे असं समजू नका, हृदयाची ठेवण चांगली आहे एवढंच इकोने कळतं; ठोके कधी बिघडतात ते पकडायला दिवसभर छातीला एक छोटं यंत्र लावू. तोवर झोप नीट घ्या. झोप म्हणे! धाकटीला हसूच आलं. नवऱ्याच्या कानात मात्र 'ठीक' तेवढंच शिरलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच त्याने थोरल्याला फोन केला. माणूस वाईट नाही हो. बायको धडधाकट आहे याचा त्याला खराखुरा आनंद झाला होता. त्या आनंदाच्या भरात बायकोचं काय हातचं गेलं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

घरी सासूबाईंजवळ शेजारीण बसली होती, ती उठून गेली. सासूबाई जाग्याच होत्या. त्यांची जीभ जड झाली होती, पण डोकं अजून तल्लख. काय निघालं, त्यांनी विचारलं. चादर सारखी करत धाकटीने सांगितलं, की काही नाही, सगळं चांगलं आहे.

सासूबाईंनी डोळे मिटले. "मी रोज मागत होते," त्या अडखळत म्हणाल्या, "काहीतरी निघू दे म्हणून. सुटली असतीस माझ्यातून."

धाकटी मटकन पलंगाच्या कडेवर बसली. एकाच खोलीत दोघी एकच मागणं मागत होत्या आणि एकमेकींना पत्ता नव्हता. तिला रडू कोसळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती कुणासमोर रडत होती.

"मीपण तेच मागत होते, आई," ती म्हणाली.

सासूबाईंना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी चांगल्या हाताने फोनकडे खूण केली, थोरल्याला लाव म्हणाल्या. धाकटीने लावून त्यांच्या कानाशी धरला. थोरला पलीकडून भरभरून बोलत होता. बरं झालं, काही निघालं नाही, मोठी काळजी मिटली, आता तूही निवांत राहा.

सासूबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मला न्यायला ये. हिचं हृदय चांगलं आहे, तोवरच ये."