ताईंचं ताट
कोपरखैरण्यात ज्या ताईंकडे मी चपात्या करते, त्यांनी मला शनिवारी आपल्या मैत्रिणींबरोबर डोंगरावर तंबूत राहायला नेलं. "कामाला नाही हं, फिरायला चल," म्हणाल्या. तरी मी पिशवीत चाकू घेतला.

वर पोचल्यावर मी चुलीसाठी दगड मांडू लागले, तर ताई ओरडल्या, "ए, बस गं! आज आम्ही करणार." मी बसले, पण हातांचं काय करावं ते कळेना. त्यांची खिचडी खाली लागली. एक मैत्रीण म्हणाली, "घ्या, तिला बसवलं त्याचं फळ!" सगळ्या हसल्या, मीही हसले. आता उठावं का?

जेवण झाल्यावर ताईंनी बोलता बोलता आपलं उष्टं ताट माझ्यापुढे धरलं. मीही सवयीने ते धरलं. मग त्या एकदम ओशाळल्या आणि ताट ओढू लागल्या. मी सोडेना. सोडलं तर मला राग आला असं त्यांना वाटेल, घासलं तर त्यांना वाईट वाटेल. शेवटी दोघी पाण्याजवळ गेलो. त्यांनी घासलं, मी पाणी ओतलं.