पंपाच्या झाकणाचा खटका

माणूस एका कामात फार वर्षं राहिला की त्याच्याजवळ ज्ञानापेक्षा फजितीच जास्त साठते. ज्ञान कुणी विचारत नाही. फजिती मात्र चहाच्या वेळी लोक आवर्जून मागून घेतात. माझ्याजवळचा ताजा साठा उमरग्याच्या एका प्लास्टिक कारखान्यातला आहे.

कारखाना माझा जुना विद्यार्थी बसवराज याचा. फवारणीच्या पंपाला बॅटरीचा डबा लागतो. त्याचं झाकण स्क्रूशिवाय, नुसत्या खटक्यावर बसवायचं होतं. म्हणजे झाकणाला एक लवचीक आकडा, दाबला की खाचेत जाऊन अडकणारा. नमुना पास झाला तर पॅकिंगच्या टेबलावरच्या सहा बायकांना वर्षभर काम, नाहीतर परत खुरपणी. त्यांतल्या सुगलाबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, माझे गुडघे आता वाकत न्हाईत. तेवढं ध्यानात ठिवून आकडा काढा."

प्लास्टिक किती वाकतं यावर माझी पीएच.डी. आहे. गुडघ्यांवर नाही.

*

पहिलं झाकण मी तीन आठवडे गणित करून काढलं. बसवलं, खट्ट आवाज झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बसवराजनं ते उघडायला घेतलं. आधी अंगठ्यानं, मग किल्लीनं, मग पान्यानं. शेवटी डबा फुटला, खटका तसाच.

तो फार अदबीनं म्हणाला, "सर, खटका लई चांगला झालाय. फक्त बॅटरी संपली की पंपासकट पुरावी लागंल."

*

मी घाबरून आकडा बारीक केला. दुसरं झाकण इतकं सहज उघडायचं, की उघडायला माणूस लागायचा नाही! मशीनवरचा दत्ता ट्रे घेऊन टेबलापर्यंत आला, तोवर निम्मी झाकणं वाटेत पडली होती. ती गोळा करत तो म्हणाला, "सर, खोकायचं झालं तर जरा तोंड फिरवून खोका."

*

मग योग्य जाडी सापडली असं वाटलं. वाटलं, एवढंच. म्हणून एक डबा घरी आणला आणि पेपर वाचताना, जेवताना त्याची उघडझाप करत बसलो. चौथ्या दिवशी हिनं ताट जरा जोरातच ठेवलं. म्हणाली, "अहो, आपल्या न्हाणीघराची कडी बारा वर्षं लागत नाही. पीएच.डी. कडीला चालत नाही का?"

*

एप्रिलात आकडे पटापट मोडायला लागले. तेच माप, तेच नायलॉन. मी दोन दिवस साचा मोजत बसलो. आधी साच्यावर संशय घेतला, मग दत्तावर, मग नेहमीप्रमाणे स्वतःवर.

सुगलाबाईंच्या हातचा मात्र एकही आकडा मोडत नव्हता. विचारलं तर त्यांनी बादली दाखवली. धूळ बसते म्हणून त्या आपली झाकणं आदल्या दिवशीच पाण्यात टाकून ठेवत. म्हणाल्या, "कोरडं हाय म्हणून मोडतंय. पानी पिऊ द्या की त्याला."

खरंच होतं. साच्यातून निघालेलं नायलॉन कोरडं आणि ठिसूळ असतं. ओलावा शोषला की चिवट होतं.

"तुमच्या पुस्तकात हे न्हाय का?" त्यांनी विचारलं.

होतं. माझ्या प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण तेच होतं. मी म्हणालो, बघून सांगतो.

*

शेवटी नमुना बघायला पंपाच्या कंपनीचे साहेब पुण्याहून आले. त्यांनी झाकण पन्नासदा उघडलं, पन्नासदा लावलं. डबा छातीच्या उंचीवरून फरशीवर टाकला. खटका हलला नाही. त्यांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि थांबले.

झाकणाच्या कोपऱ्यात एक छोटं भोक होतं.

"हे कशासाठी? स्क्रू लागणार नाही असं ठरलं होतं ना?"

भोक मी ठेवलं होतं. खटक्यानं दगा दिलाच, तर एक स्क्रू तरी बसावा म्हणून. बसवराजनं विचारलं तेव्हा मी ते हवेसाठी आहे असं सांगून वेळ मारून नेली होती. आता खरं सांगावं, तर माझ्याच खटक्यावर माझा भरवसा नाही असं होणार, आणि काम जाणार. बसवराज माझ्याकडं बघत होता. टेबलावरचे सगळे हात थांबले होते. मी चष्मा पुसायला घेतला.

सुगलाबाई पलीकडून शांतपणे म्हणाल्या, "सायब, झाकन खटक्यावरच ऱ्हातंय. ते भोक आमच्या सरांसाठी हाय."

साहेबांनी भोकाकडं बघितलं, मग माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, आणि सही केली.